कारखान्यातून आलेला पासवर्ड

घरात, दुकानात किंवा सोसायटीत सीसीटीव्ही कॅमेरे बसवायचे ठरले की आपण बरंच काही विचारतो. अंधारात स्पष्ट दिसेल का, रेकॉर्डिंग किती दिवस राहील, गावाला गेल्यावर मोबाईलवर बघता येईल का. पण याचा पासवर्ड काय आहे आणि तो आणखी कोणाकोणाला ठाऊक आहे, हे फार थोडे लोक विचारतात. आज मला याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटमधलं एक प्रकरण उघडकीला आलं. तिथल्या एका प्रसूतिगृहात तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांचं सीसीटीव्ही चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामपर्यंत पोचलं होतं, पैसे घेऊन विकलं जात होतं. अटक झालेल्यांत आपल्या महाराष्ट्रातले तरुणही होते. या चोरीसाठी कोणाला रुग्णालयात शिरावं लागलं नाही. कॅमेऱ्यांचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन 123’ असा, कोणालाही सहज सुचणारा होता, असं तपासाच्या बातम्यांतून पुढे आलं.

हे होतं कसं? कॅमेऱ्यांच्या वायरी ज्या पेटीत येतात, तो डीव्हीआर. मोबाईलवर चित्र दिसावं म्हणून तो राउटरला आणि राउटरमार्फत इंटरनेटला जोडतात. जोडणी निष्काळजीपणे केलेली असली, तर जगातला कोणताही संगणक त्याच्यापर्यंत पोचू शकतो आणि पासवर्ड लावून बघू शकतो. अनेक कंपन्यांनी वर्षानुवर्षं एका मॉडेलच्या सगळ्या यंत्रांना एकच पासवर्ड घालून ती विकली. तो पासवर्ड माहितीपुस्तिकेत छापलेला असतो आणि ती पुस्तिका इंटरनेटवर कोणालाही मिळते. बाजारातली हजारो कुलपं एकाच किल्लीनं उघडावीत, असा हा प्रकार आहे.

याची किंमत जगानं 2016 मध्ये मोजली. अमेरिकेतल्या तीन तरुणांनी ‘मिराई’ नावाचा एक घातक प्रोग्रॅम लिहिला. त्यात कारखान्यांनी घातलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या. इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधायचे, एकेक जोडी लावून बघायची आणि जमलं की यंत्र ताब्यात घ्यायचं, एवढंच तो करत होता. तेवढ्यावर लाखो उपकरणं त्याच्या हाती लागली. 21 ऑक्टोबर 2016 रोजी अशा उपकरणांच्या फौजेनं अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर हल्ला केला. आपण एखाद्या संकेतस्थळाचं नाव टाकलं की ते इंटरनेटवर नेमकं कुठे आहे, हे सांगण्याचं काम ही कंपनी करत असे. तिच्यावर निरर्थक विनंत्यांचा इतका मारा झाला की ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट यांसारखी संकेतस्थळं कित्येक तास अनेकांना उघडता आली नाहीत.

या फौजेतल्या कॅमेऱ्यांच्या मालकांना बहुधा याचा पत्ताही नसणार, कारण त्यांचा कॅमेरा नेहमीसारखा चित्र दाखवतच होता. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मिराई यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहत असे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं की तो पुसला जाई. पण पासवर्ड जुनाच असेल, तर काही मिनिटांत परत शिरत असे.

यावर पुष्कळ लोक म्हणतात, ‘आमच्या घरात बघण्यासारखं आहे काय?’ मला या बोलण्याची काळजी वाटते. कॅमेरा विकत घेणारा एक असतो आणि कॅमेऱ्यात दिसणारी माणसं दुसरीच असतात. राजकोटच्या त्या स्त्रियांनी कॅमेरा घेतला नव्हता, पासवर्ड ठरवला नव्हता. अब्रूची किंमत मात्र त्यांनी मोजली. आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताई, शिकवणीला येणारी मुलं, समोरच्या दारातले शेजारी यांचंही तसंच आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमतानं दिला. तो हक्क या सगळ्यांचा आहे, आणि कॅमेरा लावणाऱ्यानं तो जपायलाच हवा.

सगळा भार ग्राहकावर टाकणंही न्यायाचं नाही. सर्वांना एकच पासवर्ड घालून माल विकणारा कारखाना आधी जबाबदार आहे. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून सहज ओळखता येणारे असे ठरीव पासवर्ड घालून उपकरणं विकायला कायद्यानं मनाई झाली. आपल्याकडेही एप्रिल 2025 पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचणीतून जावं लागतं. हे योग्यच झालं. पण भिंतीवर आधीच लागलेले जुने कॅमेरे कोणताही कायदा बदलून देत नाही. ते आपल्यालाच बघावे लागतील.

त्यासाठी काय करावं? डीव्हीआर, कॅमेरा आणि राउटर या तिन्हींचे पासवर्ड बदला. ते लांब आणि वेगवेगळे ठेवा. कॅमेरे बसवून देणाऱ्याच्या मोबाईलवर आपलं चित्रण अजून दिसतं का, हे विचारा आणि दिसत असेल तर ते बंद करून घ्या. कंपनीकडून सुधारित सॉफ्टवेअर आलं असेल तर ते घाला. बाहेरून बघण्याची गरज नसेल तर इंटरनेटची जोडणी काढून टाका. झोपण्याची खोली, कपडे बदलण्याची जागा, रुग्णाची तपासणी होते ती खोली इथे कॅमेरा लावूच नका. जुना डीव्हीआर भंगारात देण्याआधी त्यातलं रेकॉर्डिंग पुसा. आपलं चित्रण बाहेर गेल्याचा संशय आला तर लाजून गप्प बसू नका. 1930 या सायबर हेल्पलाइनवर किंवा पोलिसांकडे तक्रार करा.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना, डॉक्टरांना, शाळा आणि वसतिगृहं चालवणाऱ्यांना माझी विशेष विनंती आहे. तुमच्या कॅमेऱ्यांसमोरून रोज शेकडो माणसं तुमच्यावर विश्वास ठेवून जातात. पासवर्ड कोणाकोणाकडे आहे, याची लेखी नोंद ठेवा आणि माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदला. कारखान्यातून आलेला पासवर्ड अजून तसाच असेल, तर आजच बदला.