मयताची नोंद



घरात मयत झाले म्हणजे आपण कर्ज काढून तेरावे करतो. नोंद मात्र करीत नाही. आमच्या शेजारच्या एका विधवेची वारसनोंद दाखल्यावाचून अडली. अर्ज आम्हीच लिहून दिले. पण वर्ष उलटले असल्याने दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागला. मजुरी बुडाली ती निराळीच.

१९६९ च्या कायद्याप्रमाणे घरच्या मयताची वर्दी कुटुंबप्रमुखाने द्यावयाची आहे. ती २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत दिल्यास फी नाही. ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क; पुढे वर्षापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्दी देणारास दाखला फुकट मिळतो. तो मागून घ्या.

बांधवहो, तेराव्याच्या आधी नोंद करा. मेलेल्याचे नाव त्या वहीत चढले, तरच जित्यांचे सातबारावर चढेल.