आधीं परीक्षा, मग प्रवेश

निवृत्तीनंतर मी साक्रींतील एका पतपेढीचे हिशेब पाहावयास जातों. तेथील संगणकाच्या आज्ञावलीची नवी आवृत्ति एके सायंकाळीं आली आणि कोणतीहि चौकशी न करतां त्याच रात्रीं मुख्य यंत्रावर चढविण्यांत आली. दुसरे दिवशीं मुदत ठेवींचें व्याज भलतेंच निघूं लागलें. कांदा विकून पैसे ठेवलेली एक म्हातारी खिडकीशीं येऊन म्हणाली, "मास्तर, माझे पैसे शाबूत आहेत ना?" मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. चार दिवस आम्ही पावत्यांवरून खातीं जुळवीत बसलों.

मोठ्यांचेंहि असेंच होतें. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीनें एक सदोष दुरुस्ती जगभर एकदम धाडली व विंडोजचीं सुमारें ८५ लाख यंत्रें कोलमडलीं. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हातानें लिहावे लागले. ७८ मिनिटांत दुरुस्ती मागें घेतली, तरी पुष्कळ यंत्रें एकेक करून सुधारावीं लागलीं. मौज अशी कीं, ती तपासणारी आज्ञावलीच सदोष होती, परीक्षकच नापास!

आतां पतपेढींत एक जुनें यंत्र निराळें ठेविलें आहे. नवी आवृत्ति प्रथम तेथें, खात्यांच्या नकलेवर चालवितात. दहा खात्यांचें व्याज मी कागदावर मांडून ताडून पाहतों. परंतु फार रेंगाळूनहि चालत नाहीं. मार्च २०१७ मध्यें मिळालेली विंडोजची दुरुस्ती ज्यांनीं चढविली नव्हती, त्यांच्यावर मे महिन्यांत वॉनाक्रायची धाड पडली. म्हणून सुरक्षिततेच्या दुरुस्तीस आम्हीं तीनच दिवसांची मुदत ठेविली आहे.