ती रेघ कुठे आहे?



हातखंब्याच्या तिठ्यावर उभे राहिले, की एक रस्ता रत्नागिरीला, एक मुंबईकडे आणि एक पालीकडे जातो. पालीहून पुढे गोवा किंवा कोल्हापूर गाठता येते. हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. पण याच तिठ्याजवळून सुमारे 73.4 अंश पूर्व रेखांशाची रेघ जाते, असे कोणी म्हटले तर आपण पायाखालीच पाहू! वर्गातला एखादा मुलगा विचारतो, "गुरुजी, ती रेघ कुठे आहे?" शिक्षकबंधूंनो, त्या मुलाला गप्प बसवू नका. त्याचा प्रश्न अगदी बरोबर आहे.

ती रेघ जमिनीवर नाही, ती घड्याळात आहे. पृथ्वी 24 तासांत स्वतःभोवती 360 अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला 4 मिनिटे. पूर्वेकडच्या गावी सूर्य आधी माथ्यावर येतो, पश्चिमेकडे मागाहून. दोन गावांच्या मध्यान्हीत जितका वेळ, तितके त्यांच्या रेखांशात अंतर. आपले जुने ज्योतिषी हे जाणून होते; ते उज्जयिनीवरून जाणारी रेषा मूळ धरीत आणि आपल्या गावच्या फरकाला 'देशांतर' म्हणत. 1884 साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिचची रेघ शून्य ठरली. भारताची घड्याळे 82½ अंशांच्या रेघेवर चालतात. ती रेघ उत्तरेत मिर्झापूरजवळून जाते. तिथे बारा वाजून सूर्य माथ्यावर आला, तरी हातखंब्याला तो यायचा असतो.

किती यायचा असतो? हे पुस्तकात पाहू नका, शाळेच्या अंगणात काढा. 25 डिसेंबरचा दिवस चांगला, कारण त्या सुमारास सूर्य आणि घड्याळ यांचा मेळ बसतो. एरवी सूर्य पाव तासापर्यंत मागेपुढे होत असतो. आदल्या दिवशी आकाशवाणीच्या वेळेशी घड्याळ जुळवून घ्या. सारवलेल्या जागेत ओळंबा लावून एक काठी रोवा आणि तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला टेकले, वेळ लिहा. दुपारी ते पुन्हा टेकेल, तीही वेळ लिहा. समजा सकाळी 10 वाजून 5 मिनिटे आणि दुपारी 3 वाजून 8 मिनिटे झाली. मध्य काढला तर 12 वाजून साडेछत्तीस मिनिटे येतात. ही झाली आपल्या गावची खरी मध्यान्ह. साडेछत्तीसला चाराने भागा, 9 अंशांहून थोडे अधिक येतात. ते साडेब्याऐंशीतून वजा करा, म्हणजे 73.4 च्या जवळ आलात.

आता गंमत पहा. तुमच्या हिशेबात मध्यान्ह एकच मिनिट उशिरा आली, तर पाव अंशाची चूक झाली. आपल्या भागात पाव अंश म्हणजे 26-27 किलोमीटर. तेवढ्यात हातखंबा गाव रत्नागिरी ओलांडून भर समुद्रात गेले की! मिनिट उलट चुकले तर साखरप्याच्या वाटेला लागले.

अशा रेघेवर कोणी हद्द ठरवील का? ठरवतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाची पूर्व हद्द 129 अंशांवर धरलेली आहे; ईजिप्त आणि लिबिया यांची बरीचशी हद्द 25 अंशांवर. 1494 साली स्पेन आणि पोर्तुगाल यांनी तर अटलांटिक महासागरातून एक उभी रेघ कल्पून पलीकडचे जग आपसांत वाटून घेतले. त्या काळी समुद्रावर रेखांश मोजण्याची खात्रीची रीतच नव्हती! पण त्या वाटणीत पूर्वेची वाट पोर्तुगालकडे आली आणि 1510 साली त्याने गोवा घेतला.

ऑस्ट्रेलियाची हकीकत तर गुरुजींनी वर्गात सांगावी अशी आहे. 1921 साली बिनतारी यंत्राने आलेल्या वेळेच्या इशाऱ्यांवरून तिथल्या मोजणीदारांनी 129 अंशांची जागा दोन ठिकाणी ठरवली, एक दक्षिणेला, एक उत्तरेला. 1968 साली त्या दोन्ही ठिकाणांहून आखत आणलेल्या रेघा एकमेकींना भिडवायला गेले, तर मध्ये सुमारे 127 मीटरांचा फरक! आजही ती हद्द त्या जागी मुरडलेली आहे.

आपल्याकडे माणसे आधी होती, नकाशा मागून आला. रत्नागिरी जिल्हा पहा. उत्तरेला सावित्री, दक्षिणेला वाघोटणची खाडी, पूर्वेला सह्याद्री. यांत रेखांशाची रेघ एकही नाही. गावातही गडगा असतो, शिवेचा दगड असतो, आणि तो कोणी सरकवला याची बोलणी पिढ्यान् पिढ्या चालतात. नदीसुद्धा नेहमी हद्द सांभाळते असे नाही. महाराष्ट्र आणि गोवा यांच्यामध्ये तेरेखोल नदी आहे. पण तिच्या उत्तर काठावरचा तेरेखोलचा किल्ला गोव्यात मोडतो, कारण 1746 साली पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकरांकडून घेतला होता.

मात्र पश्चिमेला, समुद्रावर, गडगा घालता येत नाही. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, मासेमारीवर राज्याचा कायदा चालतो. त्यापुढे केंद्र सरकारचा अधिकार आहे. पाण्यात मैलाचा दगड नसतो. मिरकरवाड्याहून निघालेल्या तांडेलाला आपण कुठे आहोत हे सांगते ते यंत्रावर उमटणारे अक्षांश-रेखांशच. ते यंत्रही मूळचे घड्याळच बरे का! उपग्रहांकडून निघालेला संदेश किती वेळात पोचला, यावरून ते जागा काढते. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला, तरी एका उपग्रहापासूनचे अंतर 300 मीटरांनी चुकते.

कच्छजवळ तर यंत्र बरोबर असूनही भागत नाही. सर क्रीक नावाच्या खाडीत हद्द मध्यावरून काढायची की पूर्वेच्या काठावरून, यावर भारत आणि पाकिस्तान यांचे एकमत झालेले नाही. खाडीच्या मुखाशीच हद्द ठरेना, त्यामुळे तिथून समुद्रात न्यायची रेघही दोघांनी मिळून ठरवलेली नाही. त्या पाण्यात गुजरातच्या बोटी जातात. त्यांवर आपल्या पालघर जिल्ह्यातले खलाशीही असतात. मासळीच्या मागे किंवा प्रवाहाच्या ओढीने बोट थोडी पुढे गेली, की पाकिस्तानचे लोक बोट धरून नेतात, आणि डहाणू-तलासरीकडच्या घरी बायकामुले महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, निरोपाची वाट पाहत बसतात.