गाणे परतले, परिसंवाद कोठे आहे?

अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर मुंबई आकाशवाणीच्या एकाच संचातून ‘आपली आवड’ची गाणी येत, तशा बातम्या आणि परिसंवादही येत. न पटणारे मतही अनायासे कानी पडे. त्यातील गाणे आज इंटरनेटवर परत लाभले आहे. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून आठवड्याला एक याप्रमाणे ऐकलेले ‘गीतरामायण’ आता हवे तेव्हा सुरू होते. हा लाभ थोडा नव्हे.

परंतु जुन्या समतोलाची हळहळ करताना आणीबाणी विसरून चालणार नाही. १९७५ ते १९७७ या काळात तोच रेडिओ सत्तेचा भोंगा झाला होता. १९७८ साली वर्गीज समितीने स्वायत्ततेची शिफारस केली. प्रसार भारती कायदा १९९० साली झाला आणि अंमलात येण्यास १९९७ उजाडले. समतोल हा कधीच सरकारी कृपाप्रसाद नव्हता. तो मागून, भांडून मिळवावा लागला.

आवडते गाणे माणूस स्वतः शोधतो. विरोधी मत सहसा कोणी शोधीत नाही. ते कानी पडावे अशी व्यवस्था समाजालाच उभारावी लागते. बंदर, कारखाना, भूसंपादन यांवर कोळी, शेतकरी आणि प्रकल्पसमर्थक एकाच व्यासपीठावर बोलतील, अशा सभा किनाऱ्यावर गावोगावी भरविणे आणि प्रसारणाच्या खऱ्या स्वायत्ततेचा आग्रह धरणे, हे कार्यकर्त्यांचे आजचे काम आहे.