आरसा आणि प्रत



ज्या व्यासपीठावरून आपण ज्ञानेश्वरीवर ऐकलेत, शेतीच्या प्रश्नावर ऐकलेत, तेथे घरच्या संगणकातील हार्ड डिस्कवर बोलायला उभे राहणे म्हणजे श्रीखंडाच्या पंगतीत लोखंडाचे चणे वाढण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. शिवाय मी संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला मी एक निवृत्त अभियंता. पण आज आपल्या घरातील लग्नाची छायाचित्रे, मुलांची बोबडी बोलणी, जमिनीचे कागद, हे सारे त्या लोखंडी डबीत जाऊन बसले आहे. तेव्हा ती डबी किती भरवशाची, हा प्रश्न आता तज्ज्ञांचा राहिलेला नाही. तो घराघराचा झाला आहे.

ही डबी म्हणजे काय, ते आधी थोडक्यात पाहू. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ग्रामोफोनची तबकडी पाहिली असेल. हार्ड डिस्कमध्ये तशाच गुळगुळीत तबकड्या असतात. फरक इतकाच की त्यांच्यावरची नोंद चुंबकाने होते. आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली असे पहिले यंत्र बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या अवजड यंत्रात मावत होती अवघी ५० लाख अक्षरे! आज तळहातावर मावणारी चार टेराबाइटची डिस्क रोमन लिपीतील चार लाख कोटी अक्षरे साठवते. तिची तबकडी मिनिटाला अनेकदा ७२०० फेरे घेते, आणि वाचणारा काटा तिला न शिवता, केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाइतक्या अंतरावरून तरंगत असतो. असे यंत्र वर्षानुवर्षे चालते हेच नवल. ते एक दिवस बंद पडणार, यात नवल ते काय?

यावर दोन मार्ग संभवतात. एक, कधीच न बिघडणारी महागडी डिस्क बनवणे. दुसरा, डिस्क बिघडणारच असे गृहीत धरून व्यवस्था आखणे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दुसऱ्या मार्गाचा पुरस्कार केला. स्वस्त डिस्कांचा संच करावा आणि त्यात थोडी जागा जाणूनबुजून जास्तीची ठेवावी, हे त्याचे सार. या रचनेला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘रेड’ म्हणतात. धरणाच्या दरवाजांना वीज असली तरी शेजारी जनरेटर ठेवतात, त्याच जातीचा हा विचार आहे.

रेडचे प्रकार क्रमांकाने ओळखतात. क्रमांक एक म्हणजे आरसा. दोन डिस्का घ्यायच्या. एकीवर जे लिहाल ते त्याच क्षणी दुसरीवरही उमटते. चार टेराबाइटच्या दोन डिस्का घेतल्या, तर वापरायला चारच मिळतात; उरलेले चार हा विम्याचा हप्ता समजावा. क्रमांक पाच अधिक काटकसरी आहे. समजा, पहिल्या डिस्कवर ७ लिहिले, दुसरीवर ५, आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२. आता दुसरी डिस्क मेली तरी बारातून सात वजा करून आपण पाच परत मिळवतो. प्रत्यक्षात ही बेरीज नसून सम-विषमाचा हिशेब असतो आणि तो आळीपाळीने सर्व डिस्कांवर वाटलेला असतो. पण तत्त्व हेच. क्रमांक सहामध्ये असे दोन हिशेब ठेवतात, म्हणून दोन डिस्का गेल्या तरी निभावते. आणि क्रमांक शून्य? त्यात वेगासाठी मजकूर नुसता वाटून टाकतात. एक डिस्क गेली की सर्वच गेले. नावाप्रमाणेच तेथे सुरक्षितता शून्य!

मी घरच्या टेबलावरील संगणकात आरसा बसवला. काम अवघड नाही. लिनक्समध्ये त्यासाठी ‘एमडीॲडम’ नावाची आज्ञावली आहे, विंडोजमध्ये ‘स्टोरेज स्पेसेस’ आहे. मात्र चार पथ्ये सांगतो. पहिले, जोडी बांधताना डिस्कांवरचा जुना मजकूर सहसा पुसला जातो. तो आधी अन्यत्र उतरवून घ्या. दुसरे, दोन्ही डिस्का एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेऊ नका. एकत्र जन्मलेल्या जुळ्यांना एकच आजार जडण्याचा संभव असतो. तिसरे, प्रत्येक डिस्कचा क्रमांक मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून तिच्या बाजूला चिकटवा. नाहीतर ऐन वेळी मेलेली डिस्क आत राहते आणि माणूस जिवंत काढून टाकतो. चौथे, डिस्क मेल्याची सूचना आपल्याला ई-मेलने मिळेल अशी सोय करा. आरशाची एक बाजू फुटली तरी संगणक बिनतक्रार चालत राहतो. हा त्याचा गुण खरा, पण मालक बेसावध असेल तर तोच घात करतो.

तीन वर्षांनी माझी एक डिस्क खरोखरच गेली. सूचना आली, मी नवी आणून बसवली. सेकंदाला दीडशे मेगाबाइटच्या वेगाने चार टेराबाइट उतरायला साडेसात तास लागतात. रात्री झोपलो, सकाळी उठून पाहतो तो जोडी पुन्हा अभंग! एक अक्षर गेले नव्हते. त्या दिवसापासून मी निर्धास्त झालो. माझी चूक नेमकी तेथे झाली.

माझी आई जात्यावरच्या ओव्या म्हणत असे. १९९४ साली मी तिच्या एकेचाळीस ओव्या कॅसेटवर घेतल्या होत्या. पुढे त्या संगणकात उतरवल्या. कॅसेटला बुरशी आली म्हणून ती टाकून दिली. आरसा होता ना! २०१९ च्या दिवाळीत मी संगणकाची साफसफाई करायला बसलो. ‘आई’ आणि ‘आई जुने’ अशा दोन घड्या दिसल्या. दुसरी ही पहिलीचीच नक्कल असे समजून मी ती पुसली. ‘कायमचे पुसायचे का?’ असे संगणकाने अदबीने विचारलेही. मी होय म्हटले. ओव्या त्या दुसऱ्या घडीत होत्या. आरशाने आपले काम चोख बजावले: एकीवरून पुसले, त्याच क्षणी दुसरीवरूनही पुसले. हे माझ्या ध्यानात आले तोवर पाच महिने लोटले होते आणि त्या जागेवर दुसरा मजकूर लिहिला गेला होता.

मंडळी, आरशासमोर उभे राहून कपाळाचे कुंकू पुसले, तर आरशातले कुंकू शिल्लक राहत नाही. रेड डिस्कच्या मरणापासून वाचवते. मालकाच्या हातापासून, खंडणीसाठी मजकुराला कुलूप घालणाऱ्या विषाणूपासून, चोरापासून किंवा आगीपासून ती वाचवत नाही. त्यासाठी वेगळी प्रत लागते, आणि तीही वेगळ्या जागी.

खरे म्हणजे हा धडा मला फार पूर्वीच मिळाला होता. आजोबांच्या कीर्तनाच्या वहीची वडिलांनी सुवाच्य अक्षरात नक्कल केली होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले, त्यात आमचा वाडाही बुडाला. मूळ वही आणि नक्कल, दोन्ही एकाच ट्रंकेत होत्या. प्रती दोन होत्या, पण मरण एकच होते.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला तीन-दोन-एक हा नियम म्हणूनच पाठ करण्याजोगा आहे. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आता माझ्याकडे आरसा आहेच. शिवाय एक सुटी डिस्क आहे, ती दर रविवारी जोडतो, प्रत घेतो आणि काढून कपाटात ठेवतो. दुसरी तशीच डिस्क नाशिकला मुलीकडे असते. जाणे-येणे झाले की अदलाबदल करतो. आणि वर्षातून दोनदा त्या प्रतींतून काही परत काढून, उघडून पाहतो. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे, ती नुसती समजूत आहे.

आईच्या ओव्यांपैकी तीन मात्र वाचल्या. माझ्या धाकट्या बहिणीला आईची आठवण झाली म्हणून एकदा मी त्या तिच्या मोबाईलवर पाठवल्या होत्या. माझ्या साऱ्या अभियांत्रिकीने जे राखले नाही, ते तिच्या मायेने राखले. कारण ती प्रत दुसऱ्या गावी, दुसऱ्या हाती होती.

आज घरी गेल्यावर फार काही करू नका. जे गेले तर पुन्हा विकत मिळणार नाही, असे काय काय आपल्या संगणकात आहे, याची एक यादी करा. आणि त्या प्रत्येकासमोर लिहा की त्याची दुसरी प्रत कोणाच्या घरी आहे. जेथे कागद कोरा राहील, तेथून कामाला लागा.