कोचचा शब्द आणि कॉलेजचं पत्र

(मंडळाच्या श्रावण व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)



विषय फलकावर लागला तेव्हा दोघा-तिघांनी मला गाठून विचारलं, की अमेरिकेतली नामांकित कॉलेजं शाळेतले बास्केटबॉल खेळाडू कसे निवडतात, याचं इंदूरच्या मराठी मंडळात काय काम? काम आहे. या सभागृहात असं घर शोधावं लागेल, की ज्याचं कुणी न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये किंवा कॅलिफोर्नियात नाही. नातवंडं तिकडे हायस्कूलमध्ये आहेत. शनिवारी फोन लावावा तर ती कुठल्या तरी टूर्नामेंटला गेलेली असतात, आणि इकडे आजी म्हणते, "अगं, अभ्यास कधी करतो तो?" दुसरं म्हणजे, आपल्याच रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये संध्याकाळी जाऊन बघा. नववीपर्यंतची मुलं भरपूर दिसतात. दहावी लागली की निम्मी गायब.

मी शिक्षणतज्ज्ञ नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेला, पीडब्ल्यूडीतला उपयंत्री आहे. या भानगडीत पडलो तो धाकट्या बहिणीमुळे. तिची मुलगी न्यू जर्सीत बारावीला आहे, उंची पाच फूट नऊ इंच, गार्ड म्हणून खेळते. गेल्या वर्षभरात तिला कॉलेजांच्या कोचचे ईमेल यायला लागले, तेव्हा बहिणीने सगळे मला पाठवले आणि म्हणाली, "दादा, तुला नियमांची पुस्तकं वाचायची सवय आहे. यात नक्की काय देताहेत आणि काय नाही, ते जरा बघ." मग निविदेच्या अटी वाचतात तसं मी ते वाचत गेलो. आज सांगतोय ते त्यातलंच.

खेळाडू हेरून आणणं इंदूरला नवं नाही, हे आधी सांगतो. होळकर दरबाराने सी. के. नायडूंना इथे आणलं आणि सैन्यात हुद्दा दिला. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. त्याच संघातले चंदू सरवटे कायद्याचे पदवीधर होते आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञही. (ज्यांच्या नावाचा आपला बसस्टँड आहे ते सरवटे वेगळे.) खेळ आणि डोकं एकाच माणसात असू शकतं, हे आपण पाहिलेलं आहे. फरक असा, की दरबाराने ठरवलं म्हणजे ठरलं. अमेरिकेतल्या निवडक कॉलेजांत कोच दरबार नसतो. सगळी गोम इथेच आहे.

तिकडे कॉलेजच्या खेळात तीन पायऱ्या आहेत: डिव्हिजन वन, टू आणि थ्री. टीव्हीवर दिसणारी मोठी विद्यापीठं वनमध्ये. ती खेळाडूला पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकतात. स्टॅनफर्ड आणि ड्यूक ही अभ्यासातही अव्वल आणि खेळासाठी पैसेही देणारी, पण तिथे बास्केटबॉलमध्ये जागा मिळवायची तर मुलगा देशातल्या वरच्या मोजक्या खेळाडूंत हवा. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही, नियमच तसा आहे. आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल, ब्राऊन, डार्टमथ, पेनसिल्व्हेनिया ही आठ आयव्ही लीग विद्यापीठं खेळतात डिव्हिजन वनमध्ये, पण १९५४ च्या आपसातल्या करारापासून खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. अलीकडे विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याची नवी व्यवस्था आली, तिच्यातूनही आयव्ही बाहेर राहिली. जी काही मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर. ही मदत लहान नाही, बरं का. वार्षिक उत्पन्न एक लाख डॉलरपर्यंत असलेल्या घरातल्या मुलाला हार्वर्डमध्ये आता जवळजवळ सगळंच मोफत आहे, आणि दोन लाखांपर्यंत शिकवणीची फी नाही. पण ती खेळाडूला आणि न खेळणाऱ्याला सारखीच.

मग खेळाडूला मिळतं काय? मिळतो प्रवेशाच्या दारात एक धक्का. हार्वर्डविरुद्ध प्रवेशाबद्दल जो गाजलेला खटला चालला, त्यात आकडे बाहेर आले: कोचने निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. बाकीच्यांत शंभरातल्या पाच-सहांनाच. हा आकडा वाचून मी पेन खाली ठेवलं. आपल्या मुलांनी रात्र-रात्र जागून अर्ज लिहायचे, आणि कुणी तरी चेंडू चांगला टाकतो म्हणून आत? मला स्वतःला हे पूर्ण पटलेलं नाही. पण मग त्या धक्क्याला काय काय अटी आहेत ते वाचलं, आणि मत थोडं नरमलं.

आयव्हीत खेळाडूंसाठी शैक्षणिक निर्देशांक असतो. शाळेतले गुण आणि एसएटीसारख्या परीक्षेचे गुण मिळून एक आकडा काढतात. निवडलेल्या प्रत्येक खेळाडूचा आकडा एका किमान रेषेच्या वर हवा, आणि खेळाडूंची सरासरी विद्यापीठाच्या एकूण विद्यार्थ्यांच्या सरासरीपासून फार खाली घसरता कामा नये. आता कोचच्या खुर्चीत बसून बघा. कमी गुणांचा पण साडेसहा फुटी मुलगा घ्यायचा असेल, तर सरासरी सावरायला भरपूर गुणांचा दुसरा हवा. म्हणजे उत्तम खेळणारी आणि गुणपत्रिकाही भक्कम असलेली मुलगी कोचला दुप्पट कामाची. आमच्या भाचीने नववीतल्या गणिताकडे दुर्लक्ष केलं असतं, तर आज हा विषयच निघाला नसता. कारण तिथे नववीपासूनचे सगळे गुण धरले जातात. मधली काही वर्षं परीक्षेचे गुण ऐच्छिक होते, आता बहुतेक आयव्ही विद्यापीठं ते पुन्हा मागतात.

ईशान्येकडे अकरा छोट्या कॉलेजांचा एक गट आहे, नेस्कॅक म्हणतात. विल्यम्स, ॲमहर्स्ट, बोडन, टफ्ट्स ही नावं आपल्याकडे कुणी घेत नाही, पण तिकडे त्यांचा मान आयव्हीच्या जवळपासचा. ही सगळी डिव्हिजन थ्री. तिथली एक पद्धत मला फार आवडली. अकरावी संपली की एक जुलैनंतर कोच तुमची गुणपत्रिका आणि पुढच्या वर्षीचे विषय प्रवेश कार्यालयाला दाखवतो, आणि ते लोक आधीच अंदाज सांगतात, की हिचं जमण्यासारखं आहे, किंवा नाही, किंवा गणिताचा वरचा विषय घेतला तर बघू. तांत्रिक मंजुरीच म्हणा ना. पण तांत्रिक मंजुरी म्हणजे कार्यादेश नव्हे, हे आमच्या खात्यात पहिल्याच वर्षी कळतं.

म्हणून सांगतो, कोच म्हणाला, "आम्हाला तू हवी आहेस," तर तो खोटं बोलत नसतो. पण प्रवेश तो देत नाही. आयव्हीत प्रवेश कार्यालयाकडून एक ऑक्टोबरनंतर खेळाडूला एक पत्र जाऊ शकतं, की तुमचा प्रवेश होण्याची दाट शक्यता आहे. ते पत्र हातात पडलं की निश्चिंत व्हायला हरकत नाही. त्याआधी फोनवर जे काही ठरतं त्याची किंमत कोचच्या सचोटीइतकी. एमआयटीत तर कोच शिफारस करतो आणि गप्प बसतो. त्याच्या हातात राखीव जागाच नाही.

आणि आकड्यांचंही भान हवं. तिथे पाच लाखांहून अधिक मुलं आणि साडेतीन लाखांहून अधिक मुली हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळतात. एका कॉलेजच्या संघात पंधरा-सतरा जण, ते चार वर्षांत वाटलेले. म्हणजे वर्षाला चार नवे. त्यात एक सेंटर हवा, एक गार्ड हवा. तुमची मुलगी कितीही छान खेळो, त्या वर्षी कोचला गार्ड नको असेल तर विषय संपला.

उदाहरणं दोन देतो. बिल ब्रॅडली हा मिसुरी राज्यातल्या लहान गावचा मुलगा. डझनावारी कॉलेजं शिष्यवृत्ती घेऊन मागे लागलेली असताना तो खेळासाठी छदामही न देणाऱ्या प्रिन्स्टनला गेला. १९६५ मध्ये संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत नेला, तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात एकट्याने ५८ गुण केले, मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, मग न्यू यॉर्क निक्सकडून दोन विजेतेपदं, आणि पुढे न्यू जर्सीचा सिनेटर. हे अर्थात एखाद्याचंच होतं. वडील बँकेत वरच्या जागेवर होते, हेही विसरू नका.

दुसरा जेरेमी लिन आपल्याला जवळचा वाटेल. आईवडील तैवानहून आलेले, घरात अभ्यासाचा धाक. २००६ मध्ये त्याच्या शाळेने कॅलिफोर्नियाची राज्य स्पर्धा जिंकली, तो कप्तान, शाळेसमोरच्या रस्त्यापलीकडे स्टॅनफर्ड. तरीही एकाही डिव्हिजन वन विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. त्याने आपल्या खेळाची डीव्हीडी स्वतः विद्यापीठांना पाठवली. संघात जागेची हमी दिली फक्त हार्वर्ड आणि ब्राऊनने. हार्वर्डमधून अर्थशास्त्र घेऊन तो २०१० मध्ये बाहेर पडला, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये निक्सकडून खेळताना लेकर्सविरुद्ध ३८ गुण करून त्याने सगळ्या न्यू यॉर्कला वेड लावलं. गुणपत्रिका तशी नसती तर हार्वर्डच्या कोचला इच्छा असूनही काही करता आलं नसतं.

उलट टोक बघायचं तर कॅलटेक. जगातल्या उत्तम शास्त्र-संस्थांपैकी एक. खेळाडू म्हणून प्रवेशात सवलत द्यायचीच नाही, हा त्यांचा बाणा. परिणाम? डिव्हिजन थ्रीच्या संघांविरुद्ध सलग २०७ पराभव, जे जानेवारी २००७ मध्ये थांबले. आपल्या गटातल्या सामन्यांत तर १९८५ पासून सलग ३१० हरले आणि २०११ मध्ये एका गुणाने, ४६-४५ असे जिंकले. त्या संघात कधी कधी अशीही मुलं असत जी हायस्कूलच्या संघातसुद्धा नव्हती. हसू नका, मला त्या मुलांबद्दल फार आदर आहे. तीनशे वेळा हरूनही संध्याकाळी कोर्टवर यायचं, आणि रात्री पुन्हा भौतिकशास्त्राची गणितं सोडवायची!

जिथे दारात धक्का मिळतो तिथे तो विकणारेही येतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पुरुष संघाच्या माजी कोचने २०१८ मध्ये कोर्टात कबूल केलं, की एका श्रीमंत व्यावसायिकाकडून लाच घेऊन त्याच्या मुलाचं नाव त्याने खेळाडूंच्या यादीत घातलं. रक्कम सुमारे तीन लाख डॉलर. तो मुलगा विद्यापीठाच्या संघातून कधी खेळलाच नाही. पुढच्याच वर्षी पन्नास जणांवर खटले भरले गेले, त्यात कधी नावेत न बसलेली मुलं नौकानयनपटू ठरवलेली. हे सांगण्याचं कारण, आपल्या लोकांनाही एजंटांचे फोन येतात. "इतके हजार डॉलर भरा, अमुक कॉलेजच्या कोचशी आमची ओळख आहे." बहिणीलाही आला होता. मी म्हटलं, कोचचा ईमेल पत्ता कॉलेजच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी असतो. पोरीने स्वतः चार ओळी लिहाव्यात, खेळाची चार मिनिटांची चित्रफीत आणि गुणपत्रिका जोडावी. दहावीनंतरच्या जूनपासून डिव्हिजन वनचे कोचही उत्तर देऊ शकतात. त्याआधी गप्प राहिले तर तो नियम असतो, नकार नव्हे.

इथल्या मुलांचं काय, असं मघाशी एका काकांनी विचारलं. इंदूरहून थेट आयव्हीच्या संघात, हे फार कठीण. ते कोच पोरांना उन्हाळ्यातल्या स्पर्धांत डोळ्यांनी पाहतात, आपली मुलं त्यांना दिसतच नाहीत. पण आपल्याकडेही दार किलकिलं झालंय. आयआयटी मद्रासने २०२४ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलींसाठी. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पदक हवं, आणि जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नावही हवं. म्हणजे तेच: दोन्ही हवं. तेव्हा दहावीत गेलेल्या पोराचा चेंडू माळ्यावर टाकण्याआधी, काकू, जरा थांबा.

आता भाचीचं सांगतो आणि संपवतो, खिचडी निवतेय. तिच्यापुढे दोन रस्ते आहेत. एक डिव्हिजन टूचं कॉलेज, निम्मी फी माफ करतंय, पण तिला हवा तो जीवशास्त्राचा विभाग तिथे यथातथाच आहे. दुसरं नेस्कॅकमधलं. जुलैमध्ये तिची कागदपत्रं पाहून प्रवेश कार्यालयाने अनुकूल अंदाज दिलाय, पण खेळासाठी पैसा शून्य. शिवाय कोच म्हणतो, नोव्हेंबरमध्ये बांधील अर्ज कर. म्हणजे प्रवेश मिळाला की दुसरीकडे जायचं नाही. बहीण रडकुंडीला आली होती. मी भाचीलाच विचारलं, "गुडघा गेला आणि खेळ कायमचा सुटला, तर चार वर्षं कुठे राहायला आवडेल?" ती म्हणाली, "मामा, हे कसलं अभद्र विचारतोस!" पण उत्तर तिने लगेच दिलं.

पैशाचं मेहुण्यांनी बघितलं. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर उत्पन्न टाकून खरा खर्च काढायचं साधन असतं, तसा तिकडे कायदाच आहे. आकडा आला तो डिव्हिजन टूच्या निम्म्या फीपेक्षा थोडा जास्त, पण पेलण्याजोगा. मग भाचीने कोचला एक प्रश्न लिहून पाठवला, तो मी सुचवला होता: तुम्ही अनुकूल अंदाज मिळालेल्या ज्या मुलींना बांधील अर्ज करायला सांगितलंत, त्यांतल्या किती जणींना गेल्या चार वर्षांत नकार आला? कोचबाईंनी ईमेल नाही केला, दुसऱ्याच दिवशी फोन केला. नाव न सांगता एकेक वर्षाचं सांगितलं, एका मुलीला नकार का आला तेही सांगितलं. मेहुण्यांनी त्याच रात्री अर्ज उघडून भरायला घेतला.

कुणाच्या नातवंडांबद्दल काही विचारायचं असेल तर फराळ होईपर्यंत मी इथेच आहे.