जुन्या फोटोतला चेहरा



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीतली माळवदाची घरे कोसळली. दगडमातीतून माणसे काढली, भांडी काढली. कुठे फुटक्या काचेचा एखादा फोटोही निघाला. तसा एक आमच्याकडे आहे, आजोबांचा. भुवया ताठ, ओठ घट्ट मिटलेले. घरातली मुले विचारतात, "आजोबा फार तापट होते का?" आजोबा तर हसल्यावाचून बोलत नसत!

या प्रश्नासाठी थोडे मागे जाऊ. १८३९ साली दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हा चित्र उमटायला काही मिनिटे लागत. १८५१ नंतर ओल्या काचेची रीत आली, तरी काही सेकंद लागतच. तेवढा वेळ हसू एकसारखे धरून विद्यार्थ्यांनी आरशासमोर पाहावे. हसू हलते आणि चेहरा पुसट येतो. म्हणून डोके हलू नये यासाठी मागून लोखंडी आधार लावीत. १८८० च्या दशकात कोरड्या काचा रूढ झाल्या, वेळ क्षणावर आला. आपला मुलूख तेव्हा निजामाचा. तिथले दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ. त्यांच्या फोटोंतले अमीर-उमरावही बहुधा गंभीरच. फोटो म्हणजे मानाची गोष्ट, तिथे दात दाखवायचे नाहीत, अशी समजूत होऊन बसली होती. ती खेड्यांतल्या फोटोवाल्यांपर्यंत पोचली.

एवढ्यावर भागले असते तर हे भाषण केले नसते. 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात काढले. त्यांत जातीजमातींचे फोटो, आणि सोबत मजकुरात त्यांचे स्वभाव! काही जमातींना सरसकट चोर ठरविले. त्याच सुमारास, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. ताठ बसवलेल्या माणसाच्या चेहऱ्याशेजारी साऱ्या जमातीचा स्वभाव छापायचा, याला आम्ही अन्याय म्हणतो. मग आपणही आपल्याच वडीलधाऱ्यांना तसेच वाचावे काय?

ज्यांच्या घरी असे फोटो उरले असतील, त्यांनी जुन्या माणसांना विचारून मागे नाव, गाव आणि आठवण लिहावी. सांगणारी माणसे आता थोडी राहिली आहेत. आमच्या फोटोमागे आजीने सांगितलेले लिहिले आहे: तुळजापूरच्या यात्रेत काढला. कोट फोटोवाल्याचा. पायात जोडे नव्हते, म्हणून कमरेपर्यंतच.